दहापैकी पाच दिले, तर काय चुकलं?

पत्र

ताई, नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. पाच एकर कोरडवाहू आहे, कपाशी आणि त्यात तूर. शनिवार-रविवारी रात्री टीव्हीवर नाचाची स्पर्धा लागते, ती मी पहिल्या भागापासून पाहते. मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येकाला दहापैकी मार्क देते आणि का दिले ते बाजूला दोन ओळींत लिहिते. घरात सगळे हसतात. मालक म्हणतात, "तुले नाचातलं काय समजते वो? लग्नातबी नाचली नाहीस कधी." फक्त सासरे हसत नाहीत. ते तरुणपणी दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, लुगडं नेसून नाचायचे. ते म्हणतात, पाय पाहा. पण टीव्हीत पाय दिसतच नाहीत!

गेल्या महिन्यात एका मुलानं नऊवारी नेसून लावणी केली. मालकांनी "हे काय बायल्यासारखं" म्हणत चॅनल बदललं. सासरे खाटेवरूनच म्हणाले, "लाव परत." मालकांनी मुकाट्यानं लावलं. मी त्या मुलाला आठ दिले. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं शेतकरी आत्महत्येवर नाच केला. परीक्षक रडले, उभे राहिले, पैकीच्या पैकी दिले. मी पाच दिले. सोमवारी बचत गटाच्या बैठकीत बाया त्याच नाचाबद्दल बोलत होत्या, म्हणून मी वही काढून वाचून दाखवलं: "रडवलं, पण नाचली कमी. पाच." सगळ्या माझ्यावर तुटून पडल्या. "काळीज हाय का दगड?" आमच्या सचिव काही बोलल्या नाहीत, उठून गेल्या. त्यांचे मालक २०१८ ला गेले, तसेच. त्या सोमवारपासून त्या बैठकीला येत नाहीत, हप्ता मुलाच्या हाती पाठवतात.

आपल्या विदर्भाचा एक मुलगा स्पर्धेत होता, तो परवा बाहेर पडला. घरातल्या तिन्ही फोनवरून त्याला मतं टाकू दिली नाहीत म्हणून दहावीतली मुलगी माझ्याशी बोलत नाही.

ज्याला नाचता येत नाही त्यानं मार्क देऊ नयेत का? आणि माझे पाच चुकले का?

— वहीवाली

उत्तर

वहीवाली ताई,

आधी तुमच्या मालकांचा मुद्दा निकालात काढते, कारण तो सोपा आहे. तळेगाव दशासरच्या शंकरपटाला जी गर्दी लोटते, तिच्यातल्या किती जणांनी स्वतः जोडी पळवलेली असते? तरी "डावा बैल मागं ओढत होता" हे प्रत्येकाला दिसतं, आणि प्रत्येक जण ते चहाच्या टपरीवर छातीठोकपणे सांगतो. तुमचे मालक त्यात नसतील असं मला वाटत नाही. त्यांना पटावर बोलायची मुभा आहे, तशी तुम्हाला नाचावर आहे. टीव्हीवर मार्क देणारे तरी सगळे नृत्यगुरू कुठे असतात? २००९ साली 'डान्स इंडिया डान्स' सुरू झालं तेव्हा रेमो डिसूझा, गीता कपूर आणि टेरेन्स लुईस हे तिघे नाच बसवणारे होते खरे, पण त्यांच्या वर ग्रँडमास्टर म्हणून मिथुन चक्रवर्ती बसले होते, आणि ते नट. नंतरच्या कित्येक कार्यक्रमांत तर एक खुर्ची सिनेमातल्या नायिकेसाठी राखीवच असल्यासारखी असते. त्यांना कोणी विचारत नाही.

तुमची एक गोष्ट मला परीक्षकांपेक्षा बरी वाटली. तुम्ही 'का' लिहिता. ते "फोडलंस", "आग लावलीस", "अंगावर काटा आला" यापलीकडे फारसे जात नाहीत.

आता लावणी. तो भाग पुन्हा दाखवला तेव्हा मीही पाहिला. आठ मला जास्त वाटले, मी साडेसहा दिले असते. रागावू नका, कारण सांगते. पदर त्यानं फार सुंदर सांभाळला. नऊवारीची सवय नसलेला नाचणारा पदराला घाबरतो, दर चार पावलांनी तो चाचपतो. या मुलानं एकदाही चाचपला नाही. पण दोन मिनिटांत त्यानं अकरा गिरक्या घेतल्या (मी मोजल्या, मलाही तुमच्यासारखीच खोड आहे) आणि शेवटी पाय फाकवून जमिनीवर बसला, की टाळ्या. ढोलकी तोडा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, येते, तिथे नाचणारीनं क्षणभर थांबून समोरच्याकडे पाहायचं असतं. तो थांबलाच नाही. लावणीची सगळी जान त्या थांबण्यात असते. बैठकीच्या लावणीत तर नाचणारी जागची उठतही नाही. यमुनाबाई वाईकर बसल्या जागी, डोळे, भुवया आणि हात एवढ्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायच्या आणि दर वेळी तिच्यातून वेगळं काही निघायचं. एकही गिरकी नाही. अशा कलावंतिणीला आजच्या कार्यक्रमात कोणी पहिल्या फेरीतून पुढे पाठवलं असतं का, याचा विचार मी अधूनमधून करते आणि मग दुसऱ्या कामाला लागते.

आणि "बायल्यासारखं". ताई, हा शब्द तुमच्या मालकांनी कोणासमोर उच्चारला याचं भान त्यांना नव्हतं. दंडारीत, विदर्भाच्या पूर्वेकडच्या खडी गंमत या लोकनाट्यात बाईची कामं पुरुषच करत आले. संगीत नाटकात बालगंधर्वांचं लुगडं पाहून बाया तसं नेसायला शिकल्या. मराठी सिनेमात गणपत पाटलांनी तमाशातला नाच्या इतका खरा उभा केला, की लोकांनी तो त्यांच्या अंगालाच चिकटवला आणि त्याची झळ त्यांना आयुष्यभर सोसावी लागली. तुमच्या सासऱ्यांनीही गावात काही ना काही ऐकलंच असेल. लग्न ठरताना, पोरगा शाळेत जायला लागला तेव्हा. तो पोरगा आता त्यांच्या म्हातारपणी त्यांच्याच खाटेसमोर तोच शब्द बोलतो आणि ते एवढंच म्हणतात, लाव परत. मला तर त्या स्पर्धेतल्या कुठल्याही नाचापेक्षा हा प्रसंग मोठा वाटला. मुकाट्यानं चॅनल लावलं म्हणजे मालकांनाही काहीतरी कळलं असणार; तुम्ही तो विषय पुन्हा काढू नका.

सासरे म्हणतात "पाय पाहा", तुम्ही म्हणता पाय दिसत नाहीत. दोघांचंही खरं आहे. दंडार चारी बाजूंनी लोक बसलेले असताना नाचायची, लपायला जागा नाही. टीव्हीवर सात-आठ कॅमेरे असतात आणि कोणता तुकडा दाखवायचा हे नंतर संकलनाच्या टेबलावर ठरतं. पावलं अवघड झाली की नेमकं परीक्षकाचं उघडं तोंड दिसतं, नाहीतर प्रेक्षकांत बसलेली आई. एखाद्या नाचात पाय फारच कमी वेळा दिसले तर तेही वहीत लिहून ठेवा, त्याला अर्थ असतो. दुसरं म्हणजे, एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहा. गाणं आणि टाळ्या गेल्या की नाचणाऱ्याच्या अंगात ताल आहे की तो गाण्याच्या पाठीवर बसून चालला आहे, हे लगेच उघडं पडतं. समूहनृत्य असेल तर मधल्या पोरीकडे पाहूच नका, मागच्या रांगेत कोपऱ्यात असतो त्याच्याकडे पाहा. मी तालुक्याच्या शाळांत स्नेहसंमेलनांना परीक्षक म्हणून बरीच वर्षं बसले, आणि बक्षीस नेहमी कोपऱ्यातल्या पोरावरून ठरवलं. मुख्याध्यापकांना ते कधीच पटलं नाही.

आणि नाचाच्या आधी जी दीड मिनिटाची फिल्म दाखवतात, घर, चूल, हार घातलेला फोटो, ती चालू असताना चहा ठेवायला उठा.

इथे तुमच्या पाचाकडे येते. तुमचे पाच बरोबर आहेत. मीही पाचच दिले असते, आणि तुम्ही शेतात राबणाऱ्या आहात म्हणून तुम्हाला ते माझ्याआधी दिसलं. मागच्या पडद्यावर भेगाळलेली जमीन होती. धोतर, पागोटं, छाती पिटणं, रंगमंचाच्या चारही कोपऱ्यांत धावणं. आपल्याकडे भेगाळलेल्या जमिनीचं चित्र प्रत्येक वेळी खरं नसतं. २०१७ साली आठवतं ना? झाडं हिरवीगार, उंच, बोंडं लगडलेली. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. बाहेरून भरलेलं आणि आतून पोखरलेलं, हे माणसाच्या शरीरातून दाखवायला केवढी जागा होती! जो प्रकार ती मुलगी नाचत होती, ज्याला तिथे कंटेम्पररी म्हणतात, त्याच्या मुळाशी नेमकं हेच आहे. अमेरिकेच्या मार्था ग्रॅहॅम या नर्तकीनं पोट आत खेचून घेणं आणि सोडणं या एका क्रियेवर आपली सगळी शिकवण उभी केली. जमिनीवर लोळलं म्हणजे कंटेम्पररी, हा समज आपल्याकडे नंतर झाला. १९३० साली ग्रॅहॅमनं शोकावर एक नृत्य केलं, त्यात ती एका बाकावर बसलेली असते, नळीसारख्या कापडात गुंडाळलेली, आणि जवळजवळ शेवटपर्यंत बाकावरून उठत नाही. आतून ताण देते तसं कापड ताणतं, बस. यमुनाबाईंसारखंच, बसूनच. या दोघींनी एकमेकींबद्दल कधी ऐकलं असेल असं वाटत नाही.

आणि ती वेचणी! त्या मुलीनं कापूस देवासाठी फुलं तोडावीत तसा, दोन बोटांनी, एकेक करून तोडला. कंबरेला झोळी नाही, पाठ ताठ. तुमच्या गटातली कोणतीही बाई तिला मिनिटात दाखवू शकली असती की दोन्ही हात एकदम चालतात आणि संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. एक जागा मात्र चांगली होती, तिचे मी मार्क कापणार नाही. पडल्यावर ती उठते आणि काही क्षण नुसती स्वतःच्या तळहातांकडे पाहत राहते. तेवढाच नाच. मुलीला दोष देऊ नका, एकोणीस-वीस वर्षांची पोर आहे ती. विषय निवडणारे आणि पडद्यावर भेगा रंगवणारे वेगळेच असतात.

तर मार्क बरोबर. आता ज्या ओळीसाठी मी तुमचं पत्र निवडलं, त्या ओळीकडे वळते. तुम्ही ती लिहिली आणि तशाच पुढे निघून गेलात. "त्यांचे मालक २०१८ ला गेले, तसेच."

ताई, अशा घरात माणूस गेला की पुढे काय होतं ते तुम्ही जवळून पाहिलेलं आहे. पंचनामा होतो. सातबारा मागतात, जमीन कोणाच्या नावावर ते बघतात, कर्ज बँकेचं की सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, हे सगळं कागदावर लागतं. मग जिल्ह्याची समिती बसते आणि त्या मरणावर एक शब्द लिहिते: पात्र किंवा अपात्र. पात्र असेल तर एक लाख रुपये. अपात्र असेल तर काही नाही, आणि वर गावात कुजबुज, की मग तो कशानं गेला असेल. तुमच्या सचिव त्या दारात उभ्या राहिल्या असणार. त्यांच्या नवऱ्याच्या मरणाला एकदा मार्क देऊन झालेले आहेत. त्या दिवशी बैठकीत तुम्ही वही उघडली आणि वाचलंत: पाच.

तुम्ही नाचाला पाच दिले, हे तुम्हाला माहीत, मला माहीत. त्यांच्या कानांवर काय पडलं असेल ते बघा.

आणि बाकीच्या बाया तुमच्यावर तुटून पडल्या, त्याही सचिवांसाठीच बोलत होत्या असं मी धरून चालत नाही. त्यांना त्यांचं रडणं वाचवायचं होतं. रात्री टीव्हीसमोर मनापासून रडलेल्या माणसाला सकाळी कोणी "नाच कमी होता" म्हटलं तर तो चिडतोच. ते आठ-पंधरा दिवसांत निवळेल, पुढच्या आठवड्यात दुसरं काहीतरी रडायला मिळेल. सचिवांचं तसं नाही.

त्यांच्या घरी जा. बैठकीत काही बोलू नका, आणि कोणाच्या हाती निरोपही पाठवू नका. सचिव आहेत म्हणजे गटाच्या वह्या त्यांच्याकडेच असतील. हप्त्याची नोंद मिळवायची आहे एवढं निमित्त पुरे. नाचाचा विषय तुम्ही काढू नका, आणि "मी नाचाबद्दल बोलत होते, तुमच्याबद्दल नाही" हे वाक्य तर अजिबात बोलू नका. ते खरं असलं तरी त्यात समजूतदारपणाची सगळी जबाबदारी त्यांच्यावर येते. एवढंच म्हणा, की तुम्ही बसलेल्या असताना मी ते वाचायला नको होतं. मार्क बदलल्याचं खोटं सांगू नका, त्यांनी ते विचारलेलंच नाही. मग हिशेबाला बसा. त्या बोलल्या तर ऐका, नाही बोलल्या तर नोंदी करून परत या. वेचणीचे दिवस असतील तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या वावरात सोबत जा. बाजूबाजूच्या ओळींत वेचताना जे बोलणं होतं ते खुर्चीवर बसून होत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं.

कदाचित त्या तरीही बैठकीला येणार नाहीत. मग महिनाभर हप्ता मुलाच्या हातूनच येऊ द्या, आणि सचिवपद दुसऱ्या कोणाला द्यायची गोष्ट कोणी काढली तर तुम्ही ती तिथेच अडवा. त्यांना कागद हाताळायची सवय आहे. ती त्यांनी कशी कमावली तेही आता लक्षात असू द्या.

तुमची मार्कांची वही मात्र त्या दिवशी घरी ठेवून जा. जुनी सवय असते, पिशवीत राहून जाते.

विदर्भाच्या मुलाबद्दल थोडक्यात. तुम्ही त्याला किती दिले ते लिहिलं नाही, आणि "आपल्या विदर्भाचा" एवढंच लिहिलंत, त्यावरून मला वाटतं मार्क सहाच्या वर नसतील. जीव त्याच्यात अडकला होता आणि हात सहाच्या पुढे जाईना. ते तसंच असू द्या. मार्क वहीत जातात, जीव मतात घालता येतो. म्हणूनच या कार्यक्रमांत दोन्ही रकाने वेगळे ठेवतात. 'झलक दिखला जा' ज्या इंग्रजी कार्यक्रमावरून आलं, त्या बीबीसीच्या 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग'मध्ये परीक्षकांच्या क्रमाला आणि लोकांच्या मतांच्या क्रमाला सारखंच वजन असतं. २००८ च्या उपांत्य फेरीत तर दोन जोड्या परीक्षकांकडे बरोबरीत पहिल्या आल्या, आणि गणित असं झालं की तिसऱ्या जोडीला लोकांनी कितीही मतं दिली असती तरी तळाच्या दोन जोड्यांच्या निर्णायक नाचातून तिची सुटका झाली नसती. लोक आधीच मतं देऊन बसले होते. शेवटी तिन्ही जोड्या अंतिम फेरीत घेतल्या. आणि जिंकलं कोण? तोच तिसरा, टॉम चेंबर्स. तेव्हा मतं टाकणाऱ्या मुलीला अगदीच वेडी म्हणू नका.

— तुमची ताई

ता. क. तीन फोनवरून मतं टाकण्यावरून भांडण मिटवायचं असेल तर एक सुचवते. मुलीला त्याच वहीत वेगळा रकाना आखून द्या, आणि अट एकच: मार्कांच्या बाजूला 'का' लिहायचं. विदर्भाच्या मुलाला ती दहा देईल, देऊ द्या. दहावीचं वर्ष आहे, दोन ओळी शुद्ध मराठी लिहिण्याचा सराव होईल. आणि माझ्या साडेसहाबद्दल सासरे काय म्हणतात ते जरूर कळवा. ते आठावर अडून बसले तर मी माझे बदलीन, सातपर्यंत.